सव्वाचार गुंजा शिसं

नागपूरला इतवारीच्या सराफ्यात मी पिशवीतून पत्र्याची एक डबी काढून काउंटरवर ठेवली आणि झाकण उघडलं. सराफाने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, डबीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे काय हाय जी?"

"छर्रे. एअर रायफलचे. पाचशे नग."

"चांदीचे?"

"शिशाचे."

त्याने दोन बोटांनी डबी हळूच माझ्याकडे सरकवली. मी घाईघाईने खुलासा केला, की मला काही विकायचं नाही, मोडायचं नाही, फक्त हे पाचशे छर्रे हिऱ्यांच्या काट्यावर एकेक करून तोलून हवेत, मिलिग्रॅमपर्यंत. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्याने एक तोलला. ०.५३१ ग्रॅम. "अडीच कॅरेटच्या वर गेला," तो सवयीने म्हणाला. मागे गादीवर पेंगत बसलेले त्याचे वडील डोळे न उघडताच म्हणाले, "सव्वाचार गुंजा अन् वर थोडं." उरलेले चारशे नव्याण्णव तोलायला मात्र बापलेकांनी एका तोंडाने नकार दिला आणि मला मागच्या गल्लीत काटे विकणाऱ्याकडे धाडलं.

गुंजांचा हा हिशोब मला घर येईपर्यंत पुरला. ९६ गुंजांचा तोळा. तोच तोळा इंग्रजांच्या मापात १८० ग्रेनचा. म्हणजे एका गुंजेत पावणेदोन ग्रेनहून जरा जास्त. आणि जगभरचे नेमबाज काडतुसातली दारू तोलतात ती ग्रेनमध्येच. मी एकतीस वर्षं लेखापरीक्षणात काढली आहेत. दोन वेगळ्या वह्यांतले आकडे जुळले की मला जो आनंद होतो, तो इतरांना म्हणे संगीत ऐकून होतो.

या सगळ्याला सुरुवात झाली १ ऑगस्ट २०२४ ला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण घेऊन ब्राँझ जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं वैयक्तिक पदक. आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. सगळ्यांचे डोळे भरून आले, माझेही. पण माझ्या कानांनी नेमकी एकच गोष्ट टिपली, की हा मुलगा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस आहे. मनात आलं, तपासणीच तर करतो, आपणही तीच करतो. तो लहानपणापासून रोज तासन्‌तास रायफल धरून उभा राहत आला होता, हा तपशील मी तेव्हा किरकोळ खर्चात टाकला.

रायफल घ्यायला गेलो तेव्हा दुकानातल्या पोराने विचारलं, "माकडांसाठी पायजे का काका?" आमच्या विदर्भात एअर गन बहुतेक शेतातली माकडं हाकलायलाच घेतात. मी म्हणालो, "ऑलिंपिकसाठी." त्याने न हसता माकडवाल्यांचीच रायफल दाखवली. नळी मोडून आतली स्प्रिंग ताणायची, मग मागून छर्रा घालायचा. बोअर साडेचार मिलिमीटर, ताकद २० ज्यूलच्या आत, म्हणून परवान्याची भानगड नाही.

गच्चीवर टेपने दहा मीटर मोजले. जिन्याच्या खोलीच्या भिंतीला जाड प्लायवूड, त्यापुढे रद्दी ठासून भरलेलं फ्रिजचं खोकं, त्यावर लक्ष्याचा कागद. दहा मीटरच्या रायफलीचं हे लक्ष्य सगळं मिळून ४५.५ मिलिमीटरचं असतं आणि मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. पहिल्या दिवशी मी दहा छर्रे उडवले. तीन कागदाला लागले. उरलेल्या सातांनी फ्रिजच्या कंपनीचं नाव वाचता येणार नाही असं करून टाकलं.

आता लेखापरीक्षणाचा नियम असा, की फरक निघाला तर आधी कागद तपासायचे, माणूस शेवटी. मी कागद तपासायला घेतले.

वाचता वाचता हँडलोडिंग सापडलं. अमेरिकेत हा घरगुती उद्योग आहे, आपल्याकडे पापड-कुरड्यांचा असतो तसा. उडालेल्या काडतुसाचं पितळी टरफल फेकायचं नाही. ते पुन्हा मापात आणायचं, तोंड छाटून सगळी सारख्या लांबीची करायची, बुडाला नवी टोपी बसवायची, आत दारू तोलून घालायची आणि वर गोळी दाबायची. कारखान्याचं काडतूस कुणाच्याही रायफलीत बसेल असं केलेलं असतं, तो रेडिमेड सदरा. हे आपल्या नळीच्या अंगाबरहुकूम शिवलेलं. दारू सारखी तर वेग सारखा. वेग कमीजास्त झाला की लांब पल्ल्यावर गोळ्या वरखाली पडतात. शिवाय गोळी सुटताना नळी थरथरते, आणि त्या थरथरीतल्या कोणत्या क्षणी गोळी तोंडातून बाहेर पडते तेही दारूच्या मात्रेवर ठरतं. फ्रँकलिन मान नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरने गोळ्या सरळ का जात नाहीत या एकाच प्रश्नावर आयुष्याची कित्येक वर्षं घातली आणि १९०९ मध्ये त्यावर आख्खं पुस्तक काढलं. माणसाचा हातच मध्ये नको म्हणून त्याने काँक्रीटच्या ओट्यावर लोखंडी आधार बसवला आणि त्यात नळी ठेवून ती झाडली. हा हाताचा भाग मी जरा घाईतच ओलांडला. मला ग्रेनच्या दशांशापर्यंत दारू तोलण्याचा भाग आवडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकांना गाठलं. काकांची सगळी नोकरी अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत झाली. नागपूरच्या लोकांना याचं काही वाटत नाही, पण अंबाझरी, भंडाऱ्याजवळचं जवाहरनगर, भद्रावती, अशा आमच्या चारी अंगांना देशाचा दारूगोळा तयार होतो. अशा शहरात एका माणसाला पाच-पन्नास काडतुसं भरायचं मार्गदर्शन मिळू नये?

काकांनी पेपर खाली ठेवला. "शस्त्र कायदा, १९५९. कलम ५. काडतूस बनवाले परवाना लागते. तो तुले कोन देईन?"

"पण काका, मी फक्त अभ्यास म्हणून..."

"अरे बाप्पा, मी चौतीस वर्षं तोफेचे शेल बनवले. घरी पोरायसाठी सुतळी बॉम्ब आनला नाही कधी." आणि पेपर पुन्हा वर गेला.

काकांनी अर्ध्या मिनिटात माझी अमेरिका बुडवली. पण पुढे वाचलं तेव्हा कळलं, की स्वप्नीलच्या प्रकारात जी पॉइंट टू टूची काडतुसं लागतात त्यांच्या बुडाच्या कडेतच स्फोटक भरलेलं असतं, ती पुन्हा भरायची सोयच नसते. मग ते लोक काय करतात? कारखान्यातून आलेले वेगवेगळे लॉट घेऊन बसतात, आपल्या नळीला कोणता मानवतो ते झाडून पाहतात, आणि सापडला की त्या लॉटची खोकीच्या खोकी घेऊन ठेवतात. छर्‍यांचंही तेच. साडेचार मिलिमीटरच्या छर्‍याचं डोकं ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशा मापांत मिळतं, आणि नळीगणिक आवड वेगळी. त्यातून काही जण छर्रे तोलून वजनाप्रमाणे वेगळे करतात. म्हणजे भरण्याचं पुण्य नशिबात नसलं तरी तोलण्याचं होतं. आणि अशा रीतीने मी इतवारीत पोहोचलो.

काटा आणला तेव्हा मे महिना चालू होता. नागपूरचा मे. दुपारी दोनला डांबर चपलेला चिकटतं आणि घराघरात खसच्या ताट्या लावलेले कूलर विमानासारखे घोंघावत असतात. मी काटा टेबलावर ठेवला, छर्रा ठेवला. आकडा ०.५२८, ०.५३४, ०.५२२, पुन्हा ०.५३० असा नाचायला लागला. काट्यासोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं: वारा लागू देऊ नये.

मी कूलर बंद केला.

"लाइट गेली का हो?" आतून बायकोचा आवाज आला.

"नाही. जरा काम आहे."

तिने बाहेर येऊन पाहिलं. ४४ अंशांत, पंखा बंद, खिडक्या बंद, मी बनियनवर, हातात चिमटा, समोर भिंग. "शिशासाठी कूलर बंद?" ती म्हणाली. पुढे तो आख्खा महिना घरात येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य ऐकायला मिळालं, दर वेळी जरा वरच्या पट्टीत.

वजनाप्रमाणे छर्रे ठेवायला खणाखणांचं काहीतरी हवं होतं, म्हणून मी आप्पेपात्र घेतलं. इथे माझी चूक होती आणि ती मी लेखी मान्य करायला तयार आहे. शिसं विष आहे. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे असतात, त्याच हातांनी काही खायचं नसतं, आणि स्वयंपाकाच्या भांड्यात तर ते कधीच घालायचे नसतात. ते आप्पेपात्र भंगारात गेलं, नवं बिडाचं आलं, आणि माझ्याकडे दिवाळीच्या बारा जुन्या पणत्या सोपवण्यात आल्या. प्रत्येक पणतीत एक चिठ्ठी: ०.५२५, ०.५२६, असं चढत ०.५३६ पर्यंत. रोज दुपारी दोन तास. अकरा दिवस. ज्यांची मागची पातळ झालर चेपली होती असे तेरा छर्रे बाद केले. उरले ४८७. बारा पणत्यांमध्ये ते काही सारखे पडले नव्हते, मध्यावर जास्त, कडेला कमी. त्याचा मी आलेख काढून फ्रिजवर लावला.

माझा भाचा व्हीएनआयटीत शिकतो. तो आलेख पाहून म्हणाला, "मामा, याने फरक किती पडतो?" आणि तिथेच फ्रिजला टेकून, मोबाइलवर, त्याने हिशोब केला. छर्‍याचा सरासरी वेग सेकंदाला १६५ मीटर धरला. दहा मीटर जायला ०.०६ सेकंद. तेवढ्यात तो १८ मिलिमीटर खाली येतो. वजनात पाच मिलिग्रॅमचा फरक म्हणजे एक टक्का, वेगात अर्धा टक्का, पडण्यात पुन्हा एक टक्का. "०.१८ मिलिमीटर, मामा. आणि तुमचे छर्रे पडतात किती अंतरात?"

"सहा सेंटीमीटर," मी म्हणालो. "पण ०.१८ तर कमी झाला ना?"

तो बिचारा गप्प बसला. घरात मोठ्यांचा मान राखण्याची पद्धत आहे.

बाराव्या दिवशी पहाटे ०.५३१ ची पणती घेऊन गच्चीवर गेलो आणि आयुष्यातला सर्वोत्तम नेम साधला. दहापैकी दहा कागदावर! एक तर आठाच्या वर्तुळात! मी तो कागद घेऊन जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो आणि तिन्ही माणसांना, म्हणजे बायको, भाचा आणि भांड्याला येणाऱ्या बाईंना, तोलण्याचं महत्त्व या विषयावर दहा मिनिटं भाषण दिलं. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, एक सांगू का? रागावसान नाही ना?"

"बोला ना."

"काल झाडता झाडता मायाकून त्या पणत्या उलट्या झाल्या होत्या. मंग मीनं साऱ्या पुन्हा भरल्या. कोनात जास्त होते, कोनात कमी. मोजून चाळीस-चाळीस टाकले. तुमाले हिसाब आवडते म्हून."

"आणि उरलेले सात?"

"ते तुळशीच्या कुंडीत ठेवले."

बारा गुणिले चाळीस चारशे ऐंशी, अधिक सात. बाईंचा हिशोब अचूक होता. एकतीस वर्षांत इतका नेमका ताळेबंद मी फार थोड्या कार्यालयांत पाहिला आहे.

कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. मी त्या रात्री अंथरुणात असा निष्कर्ष काढला, की छर्‍यांनी फरक पडत नसेल तर दोष नळीत आहे.

नळीची निगा हा विषय अथांग आहे. काळ्या दारूच्या बंदुकीत जळालेल्या दारूचा क्षार राहतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि लोखंड खातो, म्हणून जुने शिकारी नळीत उकळतं पाणी ओतून धूत. हल्लीच्या रायफलीत गोळीवरच्या तांब्याचा थर बसतो. एअर रायफलीत शिशाचा. पण सगळे जाणते पुन्हा पुन्हा एकच बजावतात, की जितक्या नळ्या झाडून खराब होतात त्याहून जास्त साफ करून होतात. सळई घालायची ती मागून, पुढून नाही, कारण छर्रा जिथून नळी सोडतो ती तोंडाची कड जराशी जरी एका बाजूला घासली गेली, तरी मागून सुटणारी हवा छर्‍याला तिरका धक्का देते. आणि साफ केल्यावर पहिले काही छर्रे इकडेतिकडे जातात, पुन्हा शिशाचा हलका हात बसला की नळी ताळ्यावर येते. हे सगळं मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलं होतं. आमच्या आईचा बिडाचा तवा कोणी राखेने घासला तर ती दोन दिवस बोलत नसे. ही नळी म्हणजे तोच तवा, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती.

मी नळी घासली. चार दिवस, मागून, पुढून, चिंध्यांनी, ब्रशने. मग चकाकणारी नळी गंजेल या भीतीने शिलाई मशीनचं तेल घेतलं. थेंब दोन सांगितले होते. मी नळीत बुटकं बूच भरून ओतलं आणि तेल नीट मुरावं म्हणून रायफल रात्रभर कोपऱ्यात उभी ठेवली, तोंड वर करून. तेल खाली उतरलं. खाली काय असतं? जिथे स्प्रिंगने हवा दाबली जाते ती पोकळी.

रविवार, सकाळचे सात. खालच्या गल्लीत तर्री-पोह्यांचा वास सुटलेला. मी नेम धरला, श्वास अर्धा सोडला, घोडा दाबला.

जो आवाज झाला तो साडेचार मिलिमीटरच्या यंत्राचा नव्हता. पाण्याच्या टाकीवरची सगळी कबुतरं एकदम उडाली. नळीच्या तोंडातून निळसर पांढरा धूर आला आणि गच्चीभर कढईत जळलेल्या तेलाचा वास पसरला. छर्रा खोकं, रद्दी आणि निम्मं प्लायवूड भेदून अडकला होता. हवा झटक्यात दाबली की ती इतकी तापते की तेल आपोआप पेट घेतं. याच तत्त्वावर रुडॉल्फ डीझेलने १८९७ मध्ये आपलं इंजिन चालवून दाखवलं. मी ते १२८ वर्षांनी, चुकून, गच्चीवर. फरक इतकाच की त्याचं इंजिन पुढेही चाललं. माझ्या रायफलीतून दुसऱ्यांदा फक्त खळखळ आवाज आला. स्प्रिंगचे दोन तुकडे झाले होते.

खाली गल्लीत दारं उघडली. काका बनियनवर बाहेर आले होते, हातात दात घासायचा ब्रश. त्यांनी वर पाहिलं, धूर पाहिला, मला पाहिलं.

"भरलंच ना शेवटी?" ते ओरडले. "सांगतलं होतं तुले, कलम ५!"

मी वरून डीझेल इंजिनाचं तत्त्व समजावायचा प्रयत्न केला. चार घरं ऐकत होती. कुणाचाही विश्वास बसला नाही.

त्यानंतर मी रीतसर एका क्लबात जायला लागलो. तिथे तेरा-चौदा वर्षांची मुलं कॅनव्हासची ताठ जाकिटं घालून पुतळ्यासारखी उभी राहतात आणि दर छर्‍याला पडद्यावर १०.३, १०.५ असे आकडे उमटतात. सर्वात वरचा आकडा १०.९. मी माझा स्वेटर घालून क्लबाची हवा भरलेली रायफल धरतो आणि ६.२, ८.१, ४.७ असे आकडे उमटवतो. दोन महिने मी प्रशिक्षकांना सांगत राहिलो, की या रायफलीची नळी जरा मळलेली वाटते, आणि क्लबाचे छर्रे सरावाचे, स्वस्तातले असतात. प्रशिक्षक माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. ते "हो काका" म्हणत आणि पुढच्या मुलाकडे जात.

एक दिवस मुलं गेल्यावर ते म्हणाले, "काका, ती तुमची तोललेली डबी आणली का?" कोपऱ्यातून त्यांनी एक जाड लोखंडी शिकंजा ओढला, टेबलाला बोल्टांनी आवळला आणि त्यात क्लबाची तीच मळलेली रायफल घट्ट बसवली. कुणाचा हात नाही, खांदा नाही, डोळा नाही. मला त्या क्षणी डॉक्टर मानच्या पुस्तकाचा ओलांडलेला भाग आठवला.

माझ्या तोललेल्या छर्‍यांतले पाच त्यांनी झाडले. कागदावर एकच भोक. मग सरावाच्या, स्वस्तातल्या डबीतले पाच. तेही एकच भोक, अगदी जरासं थोराड. त्यांनी रायफल शिकंज्यातून सोडवली, माझ्या हातात दिली आणि कागद बदलला. मी पाच झाडले. ते काही बोलले नाहीत. तिन्ही कागद शेजारी शेजारी चिमट्याने दोरीला लटकवले आणि "चहा घेऊन येतो काका" म्हणून बाहेर गेले.

मी तिथे एकटाच होतो. तिसऱ्या कागदाकडे थोडा वेळ पाहिलं. मग शिकंज्याकडे. चांगला दणकट होता, दोन्ही जबड्यांना रबराची गादी, मागे फिरवायचा आटा. मी बोल्ट सैल केले आणि तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला. अकरा-साडेअकरा किलो असावा. घरी नेऊन नक्की सांगता आलं असतं, पण माझा काटा फक्त वीस ग्रॅमपर्यंत जातो.